मस्तगडाखालचा माग

आधी पायातले बूट काढा. त्यांच्या तळव्यांची नक्षी या मातीत उमटली तर आजचा अख्खा दिवस वाया जाईल. अनवाणी या. कार्तिकातली पहाट आहे, दव घोट्यांना लागतंय, माती गार आहे. दुपारी हीच माती तळवे भाजणार आहे, तेव्हा हा गारवा जमेल तेवढा भोगून घ्या.

समोरची ती काळसर भिंत जालन्याच्या मस्तगडाची. आजचं साल विचारू नका. एवढंच सांगतो, की निजाम आसफजाहाच्या हुकमानं काबिलखानानं गड बांधला ते १७२५ साल फारसी शिलालेखात कोरलेलं आहे आणि ते आता इथल्या म्हाताऱ्यांच्याही आठवणीपलीकडे गेलंय. उलट १८२७ ला शहराबाहेर वसलेली छावणी अजून लोकांना नवीच वाटते. पुढं कधीतरी या गडात नगरपालिकेची कचेरी भरेल. आज त्याच्या सावलीत शेळ्या बांधल्यात.

श्वास घ्या. गोवऱ्यांचा धूर, शेळ्यांचा उग्र वास, कुठंतरी तव्यावर पडलेली ज्वारीची भाकरी. खाली कुंडलिका नदीचं पाणी आटून वाळूला लागलंय आणि त्या वाळूवर गाड्यांचा तळ पडलाय. कापसाच्या गाड्या, छावणीला गवत पुरवणाऱ्या गाड्या, मोसंबीएवढ्या घुंगरांच्या माळा घातलेले बैल. थोडं लांब बाभळींच्या पलीकडं लमाणांचा तांडा उतरलाय. तिथली कुत्री रात्रभर भुंकली, म्हणून तळावरची माणसं आधीच चिडलेली आहेत.

आता तो आवाज ऐका. कुणीतरी बैलांना चुचकारतंय. जिभेनं टक् टक् करतंय, हातानं कासरा ओढतंय. जवळ जा. गाडीवान जमिनीवर बसलाय, हात हवेत, आणि त्याच्यापुढं बैल नाहीत. कासराही नाही. तोंड कोरडं पडून ओठ चिकटलेत, अंग तव्यासारखं तापलंय पण घामाचा थेंब नाही. मधेच तो बोटांच्या टोकातून न दिसणारे धागे ओढून काढतो, गुंडाळतो, पुन्हा ओढतो. त्याच्या डोळ्यांत बघा. बुबुळ जवळजवळ दिसतच नाही, नुसती काळी बाहुली पसरलीय. पूर्वेकडून ऊन आलं तसा तो तोंडावर हात घेऊन ओरडतो.

शेजारी त्याचा दहा-बारा वर्षांचा पोरगा उभा आहे. तो शुद्धीवर आहे. काल रात्री वाटेत भेटलेल्या एका पाहुण्यानं भाकरीबरोबर चटणी दिली, पण पोराला तिखट सोसत नाही, त्यानं कोरडी भाकरी खाल्ली आणि गाडीखाली झोपला. सकाळी पाहुणा गेलेला, बैल गेलेले, बाप असा.

(ही चोरी कुठल्या दप्तरात सापडायची नाही, ती मी तुमच्यासाठी मांडली आहे. तिच्यातली रीत, बी आणि बैल मात्र खरे.)

तुमच्याभोवती बघता बघता गर्दी जमते. कोपरं लागतात, तंबाखूचा आणि रात्रीच्या घोंगडीचा वास नाकात शिरतो. कुणी म्हणतं भूत लागलं, कुणी म्हणतं गडाच्या विहिरीजवळून रात्री गेला असेल. आणि मग एक जाड आवाज येतो, "तांड्यावर चला! दुसरं कोण नेणार बैल?" लगेच हातांत काठ्या दिसायला लागतात. तुमच्या हातातही कुणीतरी एक कोंबतं. तुम्ही ती धरता. गर्दीत असंच होतं, हात आधी धरतो आणि डोकं नंतर विचारतं.

"थांबा जी."

हा आवाज मोठा नाही. बोलणारा गर्दीच्या कडेला, सगळ्यांपासून चार हात लांब उभा आहे. खांद्यावर कांबळं, हातात आपल्या उंचीची काठी. हा जागल्या. रात्री गावाची राखण करायची, पाटलाचे निरोप न्यायचे, वाट दाखवायची, चोरी झाली तर माग काढायचा, ही सगळी कामं याची. गावाची अब्रू याच्या डोळ्यांवर टांगलेली असते, आणि पाटलाच्या ओट्यावर त्याला बसायला जागा नसते. तो तुमच्याकडं बघतसुद्धा नाही. तुमच्या पायांकडं बघतो. मग म्हणतो, "पावनं, तिथून हलू नका. तुमच्या टाचंपाशी खूर हाय."

खाली बघा. खरंच आहे. दोन फाकांचा ठसा, बैलाचा, आणि त्यातली एक फाक अर्धवटच उमटलीय. पुढच्या उजव्या पायाची पत्री मोडकी. जागल्या काठीनं गर्दीला मागं सारतो, कुणाच्या तरी डोक्यावरची पाटी मागून घेतो आणि ठशावर पालथी घालतो. मग एक काडी मोडून ठशाची लांबी-रुंदी मोजतो, काडीवर नखानं खुणा करतो आणि ती कानावर अडकवतो. ती काडी म्हणजे त्याची नोंदवही.

तांड्याकडं जाणारी वाट दोन बाभळींमधून जाते. अरुंद आहे, एका बैलाला जेमतेम पुरेल. जागल्या काठ्या घेतलेल्या माणसांना तिथवर नेतो आणि नुसतं बोट दाखवतो. एका बाभळीपासून दुसरीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलंय, छातीच्या उंचीवर. त्याच्या प्रत्येक धाग्यावर दवाचे मणी आहेत. एकही धागा तुटलेला नाही.

"रातीतनं हितनं कुणी गेलं न्हाई," तो म्हणतो. "बैल तर दूरच, बकरी बी न्हाई."

कुणी बोलत नाही. काठ्या हळूहळू खाली येतात. बाभळींच्या पलीकडं एक लमाण बाई लेकराला पाठीशी घेऊन उभी आहे. तिनं सगळं ऐकलंय. तुम्ही मान खाली घालता आणि काठी ठेवून देता. माग काढण्याच्या सगळ्या गोष्टींत मला हीच जागा सगळ्यात मोलाची वाटते. चोर पकडल्याच्या कथा लोक रंगवून सांगतात. कोळ्याच्या जाळ्यानं किती पाठी वाचवल्या असतील, ते कुणी सांगत नाही.

गाडीवानाला तोवर उचलून गडाच्या सावलीत आणलंय. बाजारातून हकीम आलाय. पांढरी दाढी, बोटांना औषधांचा पिवळा रंग. तो दखनीत पुटपुटत रोग्याच्या पापण्या उघडून बघतो, अंगावर हात ठेवतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो पोराला, चटणी उरलीय का? उरलीय. पितळीच्या तळाला वाळून बसलीय. हकीम ती वाटीभर पाण्यात कालवतो, गाळतो आणि फडक्यावर राहिलेल्या बिया उन्हात धरतो. या, तुम्हीही वाका. लसणाचा वास नाकाला झोंबतोय.

सगळ्या बिया मिरचीच्याच वाटतात, नाही? आता नीट बघा. या पातळ, फिक्या पिवळ्या, गुळगुळीत. आणि या जाडसर, तपकिरी, अंगावर बारीक खळगे, कडेला दुहेरी वरंबा. हकीम पहिली बी जिभेवर ठेवतो आणि डोळे बारीक करतो, तिखट. दुसरी चावतो आणि थुंकतो. कडू. धोतरा.

वाटसरूंना धोतरा घालून लुटणं हा या काळातला जुना धंदा आहे. धर्मशाळेत, तळावर, नदीच्या उताराला. मायेनं बोलायचं, आपल्यातलं जेवण वाटून द्यायचं आणि पहाटेपूर्वी निघून जायचं. धोतऱ्याची झुडपं उकिरड्यावर, ओसाड वाड्यांत, मस्तगडाच्या बुरुजाखालीही वाढतात. विकत घ्यावा लागत नाही, कुणाकडं मागावा लागत नाही, म्हणून कुणी साक्षीदारही राहत नाही. राहतं ते फक्त बी. पुढं वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत हेच विचारतील, धोतऱ्याची बी आणि मिरचीची बी कशी ओळखाल? ती उभी चिरायची. मिरचीच्या बीमधला अंकुर आतल्या अंगाला वळलेला असतो, धोतऱ्याचा देठाकडच्या टोकाशी बाहेर वळतो. आणि बीही हाती लागली नाही तर पोटातल्या अन्नाचा अर्क मांजराच्या डोळ्यात घालून बघतील. बाहुली पसरली की धोतरा. कौटिल्यानं तर त्याच्या कितीतरी आधी राजाच्या घरी पक्षी पाळायला सांगून ठेवलंय, विष जवळ आलं की चकोराच्या डोळ्यांचा रंग बदलतो म्हणून. आपल्या हकीमाकडं ना चकोर ना मांजर. त्याच्याकडं जीभ आहे. तो मिठाचं पाणी मागवतो, रोग्याला ओकवायला बसतो, डोक्यावर ओलं फडकं ठेवतो. "जगेल," तो पोराला सांगतो. "पण दोन दिवस हवेतलेच बैल हाकील. डोळे त्याहून जास्त दिवस दिपतील."

पोरगा बापाकडं बघतो, जागल्याकडं बघतो आणि उठतो. चला. तुम्हालाही जायचंय.

नदीकाठच्या गवतातून निघालात की पहिल्यांदा काहीच दिसत नाही. मग जागल्या तुम्हाला गुडघ्यावर बसवतो, सूर्य समोर घ्यायला लावतो. सगळं गवत दवानं रुपेरी आहे आणि त्यातून एक काळपट पट्टा निघालाय. दव पडल्यावर कुणी चाललं तर ते झटकलं जातं, गवत ओलं पण निस्तेज दिसतं. म्हणजे चोर मध्यरात्रीनंतर निघाला. ठशाच्या आत एका किड्याच्या पायांची बारीक रांगोळी आहे, तीही ठशावरून गेलीय. म्हणजे बैल आधी आणि किडा नंतर, आणि हा किडा अंधारातच फिरतो. रात्र अशी दोन्हीकडून आवळत आणतात.

मुरुमाचा माळ लागतो आणि ठसे संपतात. इथं चोरानं हुशारी केलीय, खुरांना गोणपाट गुंडाळलंय. आता जमिनीत काही नाही. जागल्या जमीन सोडतो आणि झुडपं वाचायला लागतो. बोरीच्या एका आकड्या काट्यावर चार तंतू अडकलेत. तो ते बोटांवर चोळतो, हुंगतो, पोराला देतो. अंबाडी. गोणपाटाचा धागा. वीस पावलांवर दुसऱ्या काट्यावर आणखी दोन. खूर झाकायला निघालेल्या माणसानं झाकणाचाच माग ठेवला.

ऊन चढलंय. आता तुमचे तळवे पोळताहेत, सराटे रुततात, दर शंभर पावलांनी एका पायावर उभं राहून काटा काढायला लागतो. तहानेनं जीभ टाळूला चिकटते. आणि पुढच्या वळणावर दोनशे मेंढरं. धनगरानं कळप नेमका वाटेवरून हाकलाय. लोकरीचा, लेंड्यांचा, तुपकट घामाचा वास आणि धुळीचा लोट. कळप निघून गेल्यावर जमीन पाटावरच्या पिठासारखी सपाट झालीय. तुम्हाला वाटतं संपलं. जागल्या शिवी देत नाही, धनगराला रामराम घालतो आणि विचारतो, "राती टिटवी कुठं वरडली?" धनगर काठीनं ओढ्याकडं दाखवतो. पहिला कोंबडा आरवायच्या आधी, दोनदा.

ओढ्यापलीकडं शेण पडलेलं आहे. जागल्या त्यात बोटं घालतो, तुम्ही नाक मुरडू नका. वर पापुद्रा धरलाय, आत ओलं आहे, शेणकिड्यांनी पोखरायला सुरुवात केलीय. आणि आत सरकीची टरफलं आहेत. गावातले बैल या दिवसांत माळावरच्या गवतावर आणि कडब्यावर असतात. सरकी मिळते ती ओझं ओढत लांब जाणाऱ्या बैलांना, आणि पोरगा म्हणतो, "आम्ही काल सांजेला चारली." तो पहिल्यांदा मोठ्यानं बोललाय.

मग शीव येते. एक दगड, शेंदूर फासलेला, त्याच्यामागं जुनी चिंच. इथं जागल्या थांबतो. पुढचा ठसा दिसत असतानाही तो पाऊल टाकत नाही. त्याचा मुलूख इथं संपला. देशावरची रीतच अशी आहे. पेशवाईचा मुलूख हाती आल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं आपल्या अहवालात ती नोंदवली होती. ज्या गावाच्या शिवेत माग शिरला त्या गावानं तो पुढं काढून द्यायचा. नाही काढला, तर चोरीची भरपाई त्या गावानं करायची. म्हणून कुठलंही गाव माग पुढं सरकवायला धडपडतं. यात जुलूमही होता हे विसरू नका. पाऊस पडला, मेंढरं गेली, माग पुसला, की गरीब गावावर वर्गणी बसायची. आणि संशयाची पहिली काठी बहुतेक वेळा राखणदारावरच उतरायची, कारण वाटा त्यालाच ठाऊक.

पलीकडच्या गावचा जागल्या येतो. दोघं एकमेकांना नमस्कार करतात, कानावरची काडी या कानावरून त्या हातात जाते. नवा माणूस ती ठशात आडवी-उभी ठेवून बघतो. बसते. पुढचं काम आता त्याचं.

माग एका गोठ्याच्या दारात जाऊन संपतो. आत अंधार, हिरव्या वैरणीचा वास, माशांचा घोंगाट, आणि दोन बैल. गोठ्याचा मालक बाहेर येतो. तो पोरानं सांगितलेला पाहुणा आहे की नाही हे पोराला सांगता येत नाही, काल अंधार होता. मालक शांतपणे म्हणतो, "जालन्याच्या बाजारात घेतलेत. हाली रुपये मोजून."

पिंपळाच्या पारावर पंच बसतात. तुम्हाला पाणी मिळतं, तांब्या वरून ओतून. प्या, सावकाश. जागल्यांना पाराखाली उन्हात उभं राहावं लागतं.

कुणीतरी मालकाच्या धोतराकडं बोट दाखवतं. धोतराला आघाड्याची बोंडं चिकटलीत आणि कासोट्यापाशी कुसळं घुसलीत. कुसळ मोठं चिवट असतं. त्याच्या शेपटाला पीळ असतो, दवानं तो उलगडतो आणि उन्हानं पुन्हा वळतो, त्या वळण्यानं टोक कापडात खोल शिरत जातं, मागं फिरलेली लव त्याला बाहेर येऊ देत नाही. रात्री माळावर चालला असणार हा! पारावर गलका होतो. पण पाटील म्हातारा आहे. तो आपल्याच धोतराचा सोगा उचलून दाखवतो. त्यालाही कुसळं आहेत. तुमच्या पायांनाही आहेत.

तुम्हाला इथं बोलावंसं वाटतंय, मला ठाऊक आहे. १९९२ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनात एका खुनाच्या तपासात संशयिताच्या गाडीत पालो व्हर्दे झाडाच्या शेंगा सापडल्या. ते झाड तिथं जागोजाग उगवतं, आघाड्यासारखंच. पण शास्त्रज्ञानं शेंगांचा डीएनए काढून दाखवला, की त्या प्रेत सापडलं तिथल्याच एका झाडाच्या आहेत, शेजारच्या झाडाच्याही नाहीत. पुढं कॅनडात कोटाला चिकटलेल्या पांढऱ्या केसांवरून एक पाळीव मांजर ओळखलं गेलं आणि ते ज्या घरात राहायचं तिथल्या माणसाला शिक्षा झाली. पण इथं कुणाला सांगणार आहात? त्यांना डीएनए शब्द कळायचा नाही, आणि या पारावर बोंडं नेमक्या कुठल्या आघाड्याची हे कुणी ठरवून देणार नाही. चीनच्या सोंग त्स्यनं १२४७ मध्ये लिहून ठेवलेली एक हकीकत मात्र या लोकांना लगेच पटली असती. विळ्यानं खून झाला, तपासणाऱ्यानं गावातले सगळे विळे उन्हात मांडायला लावले, आणि माशा एकाच विळ्यावर बसल्या. धुतलेल्या रक्ताचा वास माणसाला आला नाही, माशांना आला. शेतात राबणाऱ्याला माशी काय शोधते हे सांगावं लागत नाही.

पाटील म्हणतो, "कुसळ सोडा. गोणपाट बघा." गोठ्यातून फाटकं गोणपाट निघतं, कडेला तंतू ओढलेले. पोरगा मुठीतले धागे उघडतो, घामानं भिजलेत. रंग जुळतो. मालक हसतो, "गोणपाट घरोघरी हाय." मग चांद्या नावाच्या बैलाचा पुढचा उजवा पाय उचलला जातो. पत्री मोडकी, काडी बरोबर बसते. मालक म्हणतो, "बाजारातनं चालतच आणला की त्याला. ठसा त्याचा असंल, चोरी माझी कशी?"

खरं आहे. ठसा एवढंच सांगतो की बैल या वाटेनं आला. कुणाचा बैल, ते सांगत नाही. पारावर पुन्हा कुजबुज सुरू होते आणि सावली लांबत जाते. तुमच्या घशात धूळ बसलीय, पोराचे ओठ थरथरताहेत.

पाराखालून आपला जागल्या बोलतो. त्याचं काम शिवेवरच संपलं होतं, तरी तो आलाय. "पाटील, एक जू आणवा."

कुणाच्या तरी गाडीचं जू येतं. जागल्या ते पोराच्या हातात देतो आणि मागं सरतो. पोरगा ते दोन्ही हातांनी उचलून धरतो, छातीपर्यंतच पोचतं, हात लटपटतात. शिवळा खुळखुळतात. "आधी ह्यांना इचारा," जागल्या मालकाकडं बघून म्हणतो, "कुठला बैल कुठल्या अंगाला चालतो?"

मालक क्षणभर थांबतो. "चांद्या उजवा," तो म्हणतो. "ढवळ्या डावा."

गोठ्याचं दार उघडतात, दोन्ही बैलांची दावी सोडतात. चांद्या दारातच वैरण ओढत थांबतो. सगळा पार गप्प. फक्त माशा आणि दूर कुठंतरी मोटेचं कुरकुरणं. पोरगा आवाज काढायला जातो, तो फुटत नाही. मग जिभेनं टक् टक् करतो, सकाळी बाप करत होता तसंच.

ढवळ्या कान हलवतो. गर्दीतून वाट काढत येतो, तुमच्या इतक्या जवळून की त्याच्या अंगाची ऊब तुमच्या दंडाला लागते. जुवाजवळ येऊन थबकतो, नाकानं पोराचे हात हुंगतो. मग वळसा घालून उजवीकडं जातो, मान खाली घालून जुवाखाली सरकवतो, आणि डावीकडची जागा रिकामी ठेवून चांद्याची वाट बघत उभा राहतो.